देवाचं नुकसान

आमचा भैरोबा कायद्याने अज्ञान आहे. अडाणी या अर्थाने नव्हे; सज्ञान नसलेला, कायम अठराच्या आतला. त्याच्या नावावर जमीन असू शकते, बँकेत खातं असू शकतं, तो कोर्टात दावाही लावू शकतो, फक्त सही करू शकत नाही. त्याच्या वतीने सह्या आम्ही सात विश्वस्त करतो, आणि अज्ञान मुलाची मिळकत सांभाळणाऱ्या पालकाकडे कायदा ज्या संशयाने बघतो त्याच संशयाने आमच्याकडे बघतो. 2019 पर्यंत मला यातलं काही माहीत नव्हतं. सहकारी बँकेतून निवृत्त झाले होते, हिशोबाला बरी, म्हणून मंडळावर घेतलं. पहिली महिला विश्वस्त म्हणून शाल-नारळ झाला आणि दुसऱ्याच बैठकीत दप्तराची पिशवी माझ्याकडे आली.

देवळामागे देवाची 58 गुंठे मोकळी जागा आहे. जत्रेत तिथे पाळणे लागतात. एरवी बाभळी, पोरांचं क्रिकेट आणि एका कोपऱ्यात उकिरडा. त्या वर्षी तालुक्यातल्या एका बिल्डरने प्रस्ताव आणला होता. रस्त्याच्या बाजूला गाळे, वर फ्लॅट. देवस्थानाला आठ गाळे आणि नवा सभामंडप. आमचे अध्यक्ष आबा खूश होते. "देवाला कायमचं उत्पन्न होतंय वहिनी, अजून काय पाहिजे?" खरं सांगायचं तर प्रस्ताव मलाही वाईट वाटला नव्हता. आठ गाळ्यांचं महिन्याचं भाडं मी मनात मांडूनही टाकलं होतं.

त्याच आठवड्यात देऊळ झाडणाऱ्या मावशी दोन दिवसांची रजा मागायला आल्या. बिऱ्हाड हलवायचं होतं. म्हटलं, आत्ता गेल्या दिवाळीनंतरच हलवलंत ना? तर म्हणाल्या, "अकरा महिने झाले की ताई." मालक अकरा महिन्यांचा करार करतो, संपला की पाचशे वाढवून मागतो, नाही जमलं तर खोली खाली. सहा वर्षांत ही पाचवी खोली. पत्र्याची, दहा बाय दहा, भाडं साडेतीन हजार. त्यांना देवस्थान महिना सहा हजार देतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, त्यांच्या पगाराच्या पावतीवर सही माझीच असायची. बाकीचं त्या चार घरची धुणीभांडी करून भागवायच्या.

मग ज्याला-त्याला विचारायची खोडच लागली. ग्रामीण रुग्णालयातल्या कंत्राटी सिस्टर, नगरपंचायतीचे सफाई कामगार, बाजार समितीतले हमाल. गावात कामाला सगळे, पण गावात घर कुणालाच परवडत नाही. एक सिस्टर रोज दीड तास एसटीने यायची आणि रात्रपाळी असली की वॉर्डातल्याच बाकावर झोपायची.

पुढच्या बैठकीत मी म्हटलं, त्या जागेवर आपणच भाड्याची साधी घरं बांधली तर? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आबा म्हणाले, "देव काय घरमालक आहे का?" गुरवकाका कोपऱ्यातून बोलले, "आहेच की. पेठेतल्या दोन खोल्या देवाच्याच आहेत. पंचवीस रुपये भाडं येतं, तेही तीन वर्षं थकलंय." सगळे हसले, आणि हसण्यावारी गेलेला विषय निदान इतिवृत्तात तरी आला.

पहिली फेरी तलाठी कार्यालयात. देवाच्या नावावर दोन गट निघाले, आणि ते दोन अगदी वेगळ्या जातीचे निघाले. ओढ्याकडची चार एकर ही इनाम वर्ग 3, म्हणजे देवस्थान इनाम. जुन्या सनदेने दिवाबत्ती-नैवेद्यासाठी दिलेली. गाव नमुना 3 मध्ये, दुमाला जमिनींच्या नोंदवहीत, तिची नोंद. कब्जेदार म्हणून देव, खाली वहिवाटदार म्हणून गुरव घराणं. तलाठी भाऊसाहेबांनी बोट ठेवून सांगितलं, "हा गट विसरा. इथे शासनाच्या परवानगीशिवाय वीटसुद्धा हलत नाही." दुसरा गट म्हणजे देवळामागचे 58 गुंठे. ते भोगवटादार वर्ग 1, म्हणजे पूर्ण मालकीचे, इनामाशी संबंध नाही, कुळाची नोंद नाही. कुणीतरी बक्षीस दिलेले.

देवस्थानाच्या जमिनीवर काही करायचं म्हणणाऱ्याने आधी एवढा एक फरक बघावा. मी नंतर तीन-चार देवस्थानांच्या लोकांशी बोलले. उत्साहाने नकाशे काढून ठेवलेले आणि जमीन वर्ग 3, अशी दोन उदाहरणं त्यांतच भेटली.

सातबारा काढल्याची बातमी गुरवकाकांच्या घरी माझ्याआधी पोचली. संध्याकाळी काका आणि काकी दोघं घरी आले, चहा घेईनात. आपलं नाव कमी करायला निघालेत, असा त्यांचा समज झाला होता. मी कागद पुढे ठेवून समजावलं की इनामाच्या गटाला कुणी हात लावत नाही. तेव्हा पटलं, पण सप्टेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात पुजारी हा जमिनीचा मालक नसून फक्त व्यवस्था पाहणारा, मालक देवच, असा निकाल दिला आणि काका पुन्हा आठ दिवस माझ्याशी बोलेनात. जणू निकाल मीच लिहिला होता.

58 गुंठ्यांचं बक्षीसपत्र दप्तराच्या तळाशी सापडलं. 1938 चं, मोडीत. जिल्ह्याच्या गावी मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी भिंग घेऊन, मध्येमध्ये थांबत, बोटाने ओळ धरून वाचलं. गावातल्या एका विधवा बाईने, मागे कुणी वारस नाही म्हणून, जमीन देवास दिली होती. कशासाठी? देवाच्या उत्सवासाठी, आणि "आलागेला गोरगरीब यांस आसरा". एवढंच. मी ते तीनदा वाचायला लावलं. मास्तर म्हणाले, "बाई, आसराच आहे, दुसरं काही लागत नाही."

मला वाटलं, झालं काम. वकीलसाहेबांनी कागद वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "आसरा म्हणजे धर्मशाळा, मॅडम. रात्रभर टेकायला जागा. घर नव्हे." आणि मग त्यांनी मला कलम 36 शिकवलं.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950. त्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विश्वस्तांना देवाची स्थावर मिळकत विकता येत नाही, बदलता येत नाही, बक्षीस देता येत नाही. भाडेपट्टासुद्धा शेतजमिनीचा दहा वर्षांपेक्षा आणि बिनशेती जागेचा किंवा इमारतीचा तीन वर्षांपेक्षा जास्त देता येत नाही. परवानगी मागायला गेलं की प्रश्न एकच: यात न्यासाचं हित काय? कायदा असा का आहे हेही मला कळत होतं. देवाच्या जमिनी विश्वस्तांनी मेहुण्या-पाहुण्यांना मातीमोलाने दिल्याच्या कथा प्रत्येक तालुक्यात आहेत. म्हणून मूल्यांकन करा, वर्तमानपत्रात जाहिरात द्या, बंद लिफाफ्यात निविदा मागवा, जास्तीत जास्त रक्कम देणाऱ्याला द्या. देवाचं नुकसान होता कामा नये.

"म्हणजे बिल्डरला द्यायचं असेल तर रस्ता आहे," मी म्हटलं, "आणि स्वस्तात घरं द्यायची असतील तर नाही?"

"रस्ता लांबचा आहे," ते म्हणाले. "स्वस्त भाडं म्हणजे कागदावर नुकसानच. आधी कागदावर देवाचं हित बदलावं लागेल."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. पुढची पाच वर्षं मी जे काही केलं ते या एका वाक्याचं काम होतं.

आमच्या न्यासाच्या परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या उताऱ्यावर, उद्देश होता पूजाअर्चा, नैवेद्य, दिवाबत्ती, जत्रा आणि देवळाची देखभाल. 1974 साली मंजूर झालेल्या योजनेतही, म्हणजे न्यासाच्या नियमावलीतही, तेच. निवाऱ्याचा उल्लेख कुठेच नाही, कारण 1950 च्या दशकात नोंदणी करताना मोडी बक्षीसपत्र कुणी उघडलंच नसावं. वकिलांचा सल्ला असा: कलम 50अ खाली योजनेत दुरुस्ती मागायची आणि उद्देशात गरजूंचा निवारा व लोकोपयोगी कामं घालायची. हाच कायदा कलम 9 मध्ये धर्मादाय कामांत गरिबी आणि हलाखीचं निवारण धरतो, तेव्हा मुद्दा अगदीच हवेत नव्हता. जमीन कुणाला पट्ट्याने द्यायची नाही, म्हणजे 36 चा लांब पट्टा नको. न्यासानेच बांधायचं, मालकी देवाची, आणि राहणाऱ्यांशी तीन वर्षांच्या आतले करार. कर्ज लागेल, त्याला 36अ च्या पोटकलम 3 खाली वेगळी परवानगी. या मार्गाने उशीर होणार होता, पण पुढे कुणी कोर्टात जाऊन सगळं रद्द करील ही भीती कमी होती.

ठराव करायला मार्च 2020 ची बैठक ठरली आणि टाळेबंदी लागली. त्या काळाबद्दल लिहीत नाही, सगळ्यांनीच पाहिलाय. एवढंच सांगते की बसस्टँडमागच्या खोल्यांतून भाडं थकलेली माणसं निघून गेली आणि रुग्णालयाला ऐन वेळी दोन सिस्टर कमी पडल्या, कारण घरमालकाने "तुम्ही रोग आणाल" म्हणून त्यांना बाहेर काढलं होतं. 2021 च्या जानेवारीत बैठक झाली तेव्हा आबांनी स्वतः विषय काढला. मी चकित झाले. नंतर कळलं, त्यांच्या बायकोला सलाइन लावायला घरी येणारी सिस्टर त्या दोघींपैकीच एक होती.

अर्ज गेला फेब्रुवारीत. जाहीर नोटीस निघाली, देवळाच्या दारावर आणि वर्तमानपत्रात, आणि हरकती आल्या. पहिली कुणाच्या नावाने आली आणि कुणाच्या सांगण्यावरून, ते गावाला माहीत आहे. मी लिहीत नाही. दुसरी जत्रेबद्दल होती आणि रास्त होती: पाळणे कुठे लावायचे? त्यावर आम्ही नकाशा बदलला, घरं फक्त मागच्या 14 गुंठ्यांत आणली, बाकी मैदान तसंच ठेवलं. उकिरड्याचा कोपरा त्यात आपोआप गेला.

तिसरी हरकत लेखी नव्हती. ती देवळाच्या मंडपातल्या सभेत आली, आणि तिच्यावरच दोन तास गेले. राहणार कोण? कुठले? एकाने सरळ विचारलं, देवाच्या जागेत मटण शिजणार का? मागून एक पोरगा ओरडला, "जत्रेत कुणाच्या घरी शिजत नाही ते आधी सांगा!" हशा झाला, पण प्रश्न मटणाचा नव्हता हे सगळ्यांना कळत होतं. जातीचा होता, आणि थोड्या वेळाने धर्माचाही झाला. कुणी म्हणालं, मुंबईत पारशी लोकांनी धर्मादाय पैशांतून खुश्रू बाग, रुस्तम बाग अशा वसाहती बांधल्या, त्या त्यांनी फक्त पारशांनाच दिल्या ना? मग आपणही आपल्यांनाच द्यावं. मुद्दा बिनतोड वाटत होता. त्या बागांत पिढ्यान् पिढ्या माणसं कमी भाड्यात राहिली, हे मीच मागच्या बैठकीत कौतुकाने सांगितलं होतं, आणि आता माझाच दाखला माझ्यावर उलटला.

उत्तर मला सुचलं नाही. आबांना सुचलं, तेसुद्धा, माझी खात्री आहे, त्यांना पुण्याची शेवटची एसटी गाठायची होती म्हणून. ते उठले, बक्षीसपत्राची बाळबोध नक्कल हातात घेतली आणि म्हणाले, "त्या बाईने लिहिलंय आलागेला. कुठला आला, कुठं गेला, ते लिहिलेलं नाही. जमीन तिची होती, तुमची-माझी नव्हती. पुढचा विषय." पुढचा विषय जत्रेच्या मांडवाचा होता.

धर्मादाय कार्यालयातली सुनावणी पाच तारखांना झाली. मधल्या काळात एका कार्यालयात आमची फाइल सात महिने सापडत नव्हती. "वर गेलीय" आणि "खाली आलीय" या दोन उत्तरांमध्ये मी जिल्ह्याच्या नऊ फेऱ्या मारल्या. शेवटी वकिलांच्या कारकुनाने झेरॉक्सवरून दुसरी फाइल तयार केली, आणि ती दाखल केल्यावर चौथ्या दिवशी पहिली सापडली.

सुनावणीत प्रश्न तोच: बाजारभाड्यापेक्षा कमी घेणार, मग हे न्यासाचं नुकसान नाही का? वकीलसाहेबांनी शिर्डी संस्थानाची रुग्णालयं सांगितली, शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचं इंजिनियरिंग कॉलेज सांगितलं, गाडगेबाबांच्या पंढरपूर-आळंदीच्या धर्मशाळा सांगितल्या. दादरला बाबांच्या नावाची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयातल्या कॅन्सर पेशंटना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते, तेही. पण माझ्या मते काम झालं ते आम्हाला आदल्या दिवशी गुरवकाकांनी दिलेल्या वाक्याने. तोवर राग गेला होता. गाडीत बसताना म्हणाले, "साहेबांना विचारा, अन्नछत्रात ताटाचा बाजारभाव लावतात का?" वकिलांनी ते जरा कायदेशीर भाषेत सांगितलं. जोडीला मी हिशोब दिला: आज त्या 58 गुंठ्यांतून देवाला वर्षाकाठी मिळतात पाळणेवाल्याचे 11,000 रुपये.

नोव्हेंबर 2022 मध्ये आदेश झाला. उद्देशात निवारा आला. अटी आल्या: हिशोब वेगळे ठेवायचे, विश्वस्तांना आणि त्यांच्या नातलगांना घर द्यायचं नाही, देवळाच्या खर्चाला तोशीस लागू द्यायची नाही. दुसरी अट मला फार आवडली. त्या एका ओळीने मला निदान वीस फोन वाचवले.

पैशाचं आता सांगते, कारण लोक तेच विचारतात. जमीन फुकट म्हणजे घर फुकट, असा सगळ्यांचा समज असतो. तो खोटा आहे. तळमजल्यावर एक हॉल, वर तीन मजल्यांवर चार-चार मिळून बारा घरं, प्रत्येकाचं चटईक्षेत्र 30 चौरस मीटरच्या आत. अंदाज आला 88 लाख. देवस्थानाच्या ठेवींतून परवानगी घेऊन 22 लाख, देणग्या 31 लाख, कर्ज 35 लाख. देणग्या मागताना पहिला प्रश्न असायचा "80जी आहे का?" नाही. धार्मिक न्यासाला देणगीवरची ती आयकर सवलत मिळत नाही, त्यामुळे मोठे देणगीदार चहा पाजून परत पाठवायचे. शेवटी 31 लाख जमले ते हजार-दोन हजारांनी, आणि गावच्या मुंबईकरांनी. सरकारी योजनाही धुंडाळल्या. पंतप्रधान आवास योजनेत स्वतः घर बांधायला अनुदान हवं तर जमीन लाभार्थ्याची लागते, इथे ती देवाची. 2020 साली आलेल्या भाड्याच्या घरांच्या केंद्रीय योजनेत कमीत कमी 40 घरांचा प्रकल्प लागत होता, आमची बारा.

माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. त्याने कळवलं की तिथे 2023 साली कायदाच झाला: चर्च, देवळं, मशिदी यांना आपल्या जमिनीवर परवडणारी घरं बांधायची असतील तर झोनिंगच्या, म्हणजे कुठे काय बांधायचं या नियमांच्या, नावाखाली अडवता येणार नाही. "देवाच्या परसात चालेल" अशा अर्थाची चळवळच आहे म्हणे तिकडे. मी त्याला लिहिलं, आमची अडचण झोनिंगची नाही रे. जागा गावठाणापासून दोनशे मीटरच्या आत, बिनशेतीचं काम तर रक्कम भरून सनद घेण्यापुरतंच होतं. आमची अडचण देव अज्ञान असण्याची आहे. त्याने हसणारा चेहरा पाठवला.

35 लाखांवर साडेदहा टक्क्यांनी पंधरा वर्षांचा हप्ता बसतो 38 हजार 700 च्या आसपास. बाराने भागा: घरामागे सव्वातीन हजार. म्हणजे जमिनीचा एक पैसा न धरताही मावशींना आहे तेवढंच भाडं. हा आकडा आला त्या रात्री मला झोप लागली नाही. मग आठ घरं 4,200 ला आणि चार घरं 2,500 ला, असा तोडगा काढला. गावात एवढ्या घराला सहा-सात हजार पडतात, त्यामुळे पगारदारांना 4,200 जड नव्हते. बेरीज 43,600. हप्ता जाऊन उरतात 4,900. त्यात पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे, डागडुजी, सगळं बसवायचं. बसत नाही. म्हणून तळमजल्याच्या हॉलची संध्याकाळपासून रात्रीपर्यंत अभ्यासिका केली. स्पर्धा परीक्षेची मुलं महिना चारशे देतात. एमपीएससीवाल्यांच्या फीवर टाकीत पाणी चढतं, असं आम्ही म्हणतो.

बांधकामाचं वर्णन करत नाही. ज्याने घर बांधलंय त्याला माहीत आहे, ज्याने नाही त्याला सांगून कळणार नाही.

घरवाटपाला अर्ज आले 71. नियम तीन: काम नगरपंचायत हद्दीत, तालुक्यात नवरा-बायको कुणाच्याच नावावर घर नाही, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत. 2,500 ची चार घरं सफाई आणि देवळातल्या कामगारांसाठी. छाननी करून चिठ्ठ्या काढल्या, देवळाच्याच पायरीवर, डब्यात हात घातला शाळेतल्या मुलीने. सातवी चिठ्ठी रुग्णालयातल्या मुसलमान ड्रायव्हरची निघाली. मंडपात कुजबुज झाली आणि थांबली. पंधरा दिवसांनी एका विश्वस्ताने प्रकृतीचं कारण देऊन राजीनामा दिला. मी चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची खबर, भरला, नव्वद दिवसांच्या आत. त्यांच्याशी माझं आजही बोलणं आहे, त्या विषयावर सोडून.

मावशींना पहिल्या मजल्यावरचं घर मिळालं. गुडघ्यांमुळे त्यांनी तेच मागितलं होतं. किल्ली देताना करारावर अंगठ्याऐवजी सही केली, सावकाश, नातीने शिकवलेली. करार 33 महिन्यांचा. "म्हणजे किती?" त्यांनी विचारलं. पावणेतीन वर्षं, म्हटलं. "आणि मग?" मग पुन्हा करू. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की कलम 36 समजावून सांगायचा माझा धीर झाला नाही. हे मला अजून टोचतं. कायदा मोडायचा नाही म्हणून आपण तीन वर्षांच्या आतली घरं दिली. बसस्टँडमागच्या मालकाशी तुलना केली तर तिप्पट मुदत, पण मुदतच.

डिसेंबर 2024 पासून बाराही घरं भरली आहेत. दोन सिस्टर तिथे राहतात. त्यातली एक मंगळवारी संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर बीपीचं मशीन घेऊन बसते. तिला कुणी सांगितलं नाही, पगार नाही. म्हातारी माणसं आरतीच्या आधी रांग लावतात. गेल्या महिन्यात आबांचं 180 निघालं, तिने तिथूनच रिक्षात घालून नेलं. आता ते मंगळवार चुकवत नाहीत आणि गोळी घेतली का, असं तिने विचारलं की घेतली नसली तरी हो म्हणतात.

दुसऱ्या टप्प्याचा विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा मी पुढे ढकलला. कर्जाचे पहिले पाच वर्षांचे हप्ते तरी जाऊ देत. शिवाय मैदानाला हात लावायचा नाही, हा शब्द दिलाय.

आणि हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच. यंदाचा ऑडिट रिपोर्ट आला. ऑडिटर नवे आहेत, पुण्याचे, कामाला चोख. शेऱ्यांमध्ये चौथ्या क्रमांकावर त्यांनी लिहिलंय: न्यासाच्या मिळकतीचे भाडे प्रचलित बाजारभाड्यापेक्षा कमी आकारल्यामुळे न्यासाचे आर्थिक नुकसान झाल्याचे दिसून येते, खुलासा करावा.

आबांना फोनवर वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वहिनी, ती नक्कल जोडा." आदेशाची प्रत जोडली आहे, हिशोब जोडला आहे, पाळणेवाल्याची 2019 ची पावती जोडली आहे. बक्षीसपत्राची नक्कल थोडी फिकट आली, उद्या दुसरी काढते.